एआयची पदवी घ्यायचीय, पण कर्ज न काढता

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी पस्तिशीतली, वाणिज्य शाखेची पदवीधर. गेली बरीच वर्षं एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. एक्सेलवर हात बसलेला आहे, पायथॉन स्वतःच थोडंफार शिकले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेत, म्हणजे एआयमध्ये, रीतसर पदवी घ्यायची फार इच्छा आहे. नोकरी सोडता येणार नाही, म्हणून ऑनलाइनच. थोडी रक्कम बाजूला टाकली आहे, कर्ज मात्र काढायचं नाही. एका ठिकाणी चौकशीसाठी नंबर दिला आणि तेव्हापासून दिवसाआड फोन येतात: "मॅडम, सवलतीचा आज शेवटचा दिवस." नवरा म्हणतो, सगळं यूट्यूबवर फुकट आहे, पदवीला पैसे कशाला घालतेस? ऑफिसमधला एक जण म्हणतो, ऑनलाइन पदवीला कुत्रं विचारत नाही. स्वस्त आणि तरीही खरी अशी पदवी असते का? असेल तर कोणती? आणि मला झेपेल का?
— हिशेबातली एक

हिशेबातल्या ताई, नमस्कार.

आधी त्या फोनचं बघू, कारण पैसे वाया जाण्याची भीती तिथेच सगळ्यात जास्त. फोनवर गोड बोलणारी व्यक्ती स्वतःला समुपदेशक म्हणवते, पण बहुतेक वेळा ती विक्री विभागातली असते आणि महिनाअखेरीला तिलाही आकडा गाठायचा असतो. विद्यापीठाला अर्जाची मुदत असते, सत्र सुरू व्हायची तारीख असते. "आज रात्री बारापर्यंत" हा सेलचा प्रकार झाला. फोनवर हो-नाही काहीच बोलू नका. ईमेलवर तीन गोष्टी लेखी मागा. शेवटी हातात पदवी पडणार की प्रमाणपत्र? ती कोणत्या विद्यापीठाच्या नावाने मिळणार, आणि त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर हा अभ्यासक्रम पदवी म्हणून दिसतो का? क्रेडिट्स (कोर्स पूर्ण केल्यावर जमा होणारी अभ्यासाची एककं) नोंदवलेली अधिकृत गुणपत्रिका मिळणार का? लेखी उत्तर आलं नाही, किंवा उत्तराऐवजी पुन्हा फोनच आला, तर काय समजायचं ते समजा.

बऱ्याच जाहिरातींची मेख इथेच असते. वर मोठ्या अक्षरांत नामांकित विद्यापीठ, खाली बारीक अक्षरांत "च्या सहकार्याने", नावात "पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्राम", आणि हातात येतं ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्र टाकाऊ असतं असं नाही. काही फार छान असतात. पण पदवीच्या भावाने प्रमाणपत्र घ्यायचं काहीच कारण नाही.

आणखी एक, हे तुम्हाला लगेच कळेल. "बिनव्याजी हप्ते" म्हणून जे पुढे करतात, ते पुष्कळदा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. करार तुमचा आणि त्या कंपनीचा. दोन महिन्यांत शिकवणं आवडलं नाही, तुम्ही सोडून दिलंत, तरी हप्ते खात्यातून जातच राहतात. कर्ज काढायचं नाही असं तुम्ही ठरवलंय ना, मग हेही कर्जच आहे हे ध्यानात ठेवा. पूर्ण पदवीचे पैसे एकरकमी आगाऊ मागणाऱ्यांनाही लांबूनच नमस्कार. एका वेळी एका कोर्सचे पैसे घेणारी चांगली विद्यापीठं आहेत, पुढे त्यांचीच नावं येणार आहेत.

मान्यतेचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतलं विद्यापीठ असेल, तर तिथल्या शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी इंटरनेटवर कोणालाही शोधता येते. इंग्लंडमध्ये ऑफिस फॉर स्टुडंट्स या नियामक संस्थेची नोंदवही आहे. इतर देशांतही उच्च शिक्षणाचं नियमन करणारी कोणती ना कोणती संस्था असते. "आम्हाला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे" एवढ्यावर थांबू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव विचारा आणि त्या संस्थेला स्वतःला कोण मानतं तेही बघा, कारण बनावट विद्यापीठं बनावट मान्यता मंडळंही काढतात. आणि पदवी तिच्या देशात खरी असली म्हणजे दुसऱ्या देशातल्या सरकारी नोकरीला किंवा पीएचडीला आपोआप चालते असं नाही. तो बेत असेल तर समकक्षतेचे नियम पैसे भरायच्या आधी वाचायचे. खासगी नोकरीत एवढी चिकित्सा सहसा होत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं. काही वर्षांपूर्वी त्यात तथ्य होतं. मग अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी संपूर्ण ऑनलाइन सुरू केली आणि चित्र पालटलं. उडॅसिटी आणि एटी अँड टी या कंपन्यांची साथ होती. पूर्ण पदवीची शिकवणी फी सात हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे कॅम्पसवर जाऊन शिकण्याच्या तुलनेत अगदीच थोडी. पदवीपत्रावर "ऑनलाइन" असा शब्द नाही. दहा कोर्स, तीस क्रेडिट्स, विशेषीकरणात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग (डेटावरून शिकणारे प्रोग्रॅम) दोन्ही आहेत. दहा हजारांहून जास्त लोक एका वेळी शिकतात आणि त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच नोकरी सांभाळून. इथला एक किस्सा मला फार आवडतो. प्राध्यापक अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये आपल्या एआयच्या ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला "जिल वॉटसन" नावाची सहायक नेमली. ती माणूस नसून आयबीएमच्या वॉटसन या एआय प्रणालीवर बांधलेला प्रोग्रॅम आहे, हे सत्राच्या शेवटी सांगेपर्यंत बहुतेकांच्या लक्षातही आलं नव्हतं. एआय शिकायला आलेले विद्यार्थी, आणि एआयच त्यांच्या शंका फेडतंय!

दुसरं नाव टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेचं. त्यांनी २०२३ मध्ये थेट कृत्रिम बुद्धिमत्ता या नावाची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी जाहीर केली आणि २०२४ पासून वर्ग भरायला लागले. दहा कोर्स, कोर्सला साधारण हजार डॉलर, एकूण दहा हजार. नामवंत विद्यापीठाची थेट एआयमधली पदव्युत्तर पदवी इतक्या कमी पैशांत क्वचितच मिळते. काही मोठ्या खासगी विद्यापीठांच्या याच नावाच्या ऑनलाइन पदव्या याच्या चौपट-पाचपट महाग आहेत. तेवढं जास्त काय शिकवतात हे मला त्यांचे अभ्यासक्रम वाचून तरी दिसलेलं नाही.

पण थांबा. या दोन्ही दारांवर तुम्हाला अडवतील. जॉर्जिया टेकला संगणकशास्त्राची किंवा त्याला जवळच्या विषयाची पदवी अपेक्षित असते. दुसऱ्या शाखेतला माणूस घेतच नाहीत असं नाही, पण प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्रॅममध्ये माहिती मांडायच्या रचना), गणित झालंय याचा पुरावा लागतो. आत गेल्यावरही पहिल्या बारा महिन्यांत पायाभूत गटातले दोन कोर्स बी किंवा त्यावरच्या श्रेणीत काढावे लागतात, नाहीतर गाडी तिथेच थांबते. ऑस्टिनलाही गणित आणि प्रोग्रॅमिंगची तयारी पाहिजेच. शिवाय तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर आणखी एक अडचण: अमेरिकेतली काही विद्यापीठं चार वर्षांच्या पदवीचा आग्रह धरतात. अर्जाची फी भरायच्या आधी प्रवेश विभागाला सरळ ईमेल करून विचारायचं, उत्तर येतं.

मग वाणिज्यवाल्यांसाठी काय? मला विचाराल तर कोलोरॅडो विद्यापीठाची बोल्डर शाखा. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर त्यांची संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचीही स्वतंत्र पदवी काढली आहे. त्यांची पद्धत मला पटते, कारण ते तुमची जुनी गुणपत्रिका मागतच नाहीत. ठरवून दिलेले तीन छोटे कोर्स क्रेडिटसाठी करायचे, सरासरी बी श्रेणी राखायची, की प्रवेश पक्का. संगणकशास्त्राच्या पदवीचा दर एका क्रेडिटला ५२५ डॉलर, तीस क्रेडिट्सचे १५,७५०. जॉर्जिया टेकच्या दुपटीहून जास्त झाले, खरं आहे. पण यातली खरी सोय वेगळीच आहे. तेच कोर्स आधी क्रेडिटशिवाय, कोर्सेराच्या मासिक वर्गणीवर करता येतात. जमलं, आवडलं, तर मग क्रेडिटचे पैसे भरून परीक्षा द्यायची. नाही जमलं तर नुकसान वर्गणीपुरतं.

पाया फारच कच्चा वाटत असेल, तर पुन्हा पहिल्या पदवीपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० मध्ये सुरू झाली. जेईई लागत नाही. चार आठवडे शिकायचं, गृहपाठ द्यायचे आणि पात्रता परीक्षा पास व्हायचं, एवढंच दार. पुढे पायाभूत प्रमाणपत्र, डिप्लोमा, तीन वर्षांची पदवी आणि चार वर्षांची बीएस असे टप्पे आहेत. कुठल्याही टप्प्यावर थांबलात तरी हातात काहीतरी असतं. घेतलेल्या कोर्सपुरतेच पैसे भरायचे, आणि ठराविक उत्पन्नाखालच्या व काही प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांना फीमध्ये मोठी सूट आहे. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यायच्या. कटकट आहे, पण त्या पदवीची पत त्यानेच टिकून आहे.

लंडन विद्यापीठाची संगणकशास्त्राची ऑनलाइन पदवी २०१९ पासून आहे, त्यात मशीन लर्निंग आणि एआयचं विशेषीकरण घेता येतं. फी तुम्ही कोणत्या देशात राहता त्यावर ठरते, त्यामुळे शेजारणीने सांगितलेला आकडा तुमचा असेलच असं नाही. अगदीच हात आखडता असेल तर युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल बघा. २००९ मध्ये शाय रेशेफ यांनी काढलेलं हे विद्यापीठ शिकवण्याची फी घेत नाही, फक्त अर्जाची आणि प्रत्येक कोर्सच्या मूल्यमापनाची घेतं. २०२५ मध्ये त्याला अमेरिकेतली पश्चिम विभागाची संस्थात्मक मान्यताही मिळाली. तिथे संगणकशास्त्राची पहिली पदवी मिळते. पण शिकणं बरंचसं वाचून आणि एकमेकांचे गृहपाठ तपासून होतं. ज्यांना समोर शिकवणारं माणूस हवं असतं ते तिथे रमत नाहीत.

पदवीच्या नावात "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" हे शब्द हवेतच, हा हट्ट मात्र सोडा. संगणकशास्त्र, डेटा सायन्स, संख्याशास्त्र यांपैकी कशाचीही चांगली पदवी एआयपर्यंत नेते, आणि ती बहुधा स्वस्तही असते. नावाऐवजी अभ्यासक्रमाची पाटी वाचा. रेषीय बीजगणित, संभाव्यता, अल्गोरिदम, ऑप्टिमायझेशन दिसतंय का? गृहपाठात कोड लिहून द्यायचा आहे का? न्यूरल नेटवर्कचं बॅकप्रोपगेशन (चुकीवरून शिकण्याची त्याची रीत) एकदा तरी हाताने लिहायला लावतात का? हे नसेल आणि त्याऐवजी "पंचवीस एआय टूल्स, दहा प्रकल्प, नोकरीची हमी" असं असेल, तर पुढचं पान उघडायची गरज नाही. टूल्स दर सहा महिन्यांनी बदलतात.

हे मी इतकं का ताणतेय, ते तुमच्याच टेबलावरच्या कामावर दाखवते. समजा, कोणती बिलं मुदतीत वसूल होणार नाहीत हे आधीच ओळखणारं मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम, तुम्हाला करायचाय. जुनी बिलं काढलीत: ग्राहक, रक्कम, उधारीची मुदत, किती स्मरणपत्रं पाठवली, आणि शेवटी बिल वेळेत भरलं की नाही. पायथॉनच्या सायकिट-लर्न या तयार कोडसंचात लॉजिस्टिक रिग्रेशन (हो की नाही याचा अंदाज काढायची पद्धत) चालवायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळी पुरतात. चालवलंत आणि अचूकता आली, समजा, ९७ टक्के. साहेबांना दाखवण्याइतका आनंद!

आता जरा तो स्मरणपत्रांचा रकाना बघा. तो भरला जातो कधी? मुदत टळल्यावर. म्हणजे ज्या बिलाला तीन स्मरणपत्रं गेली ते उशिराचंच असणार, हे उत्तर आपणच मॉडेलच्या हातात दिलं होतं, पेपर फुटल्यासारखं. आज निघालेल्या नव्या बिलासमोर तो रकाना कोरा असणार, आणि मॉडेल सपशेल आपटणार. याला डेटा लीकेज म्हणतात. बरं, तो रकाना काढून टाकलात. अचूकता ९० टक्क्यांवर आली. वाईट नाही, असं वाटतं. पण शंभरातली नव्वद बिलं एरवीही वेळेत येत असतील, तर "सगळी वेळेत येतील" असं डोळे मिटून सांगणाराही ९० टक्के बरोबरच ठरतो! एकही उशिराचं बिल न पकडता. मग नुसत्या अचूकतेऐवजी उशिराच्या बिलांपैकी किती पकडली, आणि पकडलेल्यांपैकी खरी उशिराची किती, हे वेगवेगळं मोजायला लागतं. कोडच्या पाच ओळी कोणीही देतो, आता तर चॅटजीपीटीही देतं. हा रकाना इथे का आला, हा प्रश्न पडायला शिकवतो तो अभ्यासक्रम. आणि ताई, स्मरणपत्रं मुदतीनंतरच जातात हे तुम्हाला नोकरीमुळेच ठाऊक आहे. नुकत्याच पदवी घेतलेल्या इंजिनिअरला ते कोणीतरी सांगावं लागेल. झेपेल का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं.

उरलेलं अर्धं तुमच्या यजमानांनी अजाणता दिलंय. सगळं फुकट आहे हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. एमआयटीच्या ओपन कोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं आहेत, फळ्यावर खडूने शिकवलेली, त्याहून सोपं करून सांगणारं मला कोणी सापडलेलं नाही. हार्वर्डचा पायथॉनसह एआयचा सीएस५० कोर्स फुकट करता येतो आणि त्याचे गृहपाठ खरोखर कस काढतात. स्टॅनफर्डच्या मशीन लर्निंगच्या वर्गाची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. हेलसिंकी विद्यापीठाने २०१८ मध्ये काढलेला एलिमेंट्स ऑफ एआय हा कोर्स तर गणित विसरलेल्या माणसालाही जमतो. त्यात तुम्ही फार दिवस काढू नका, तुम्ही त्याच्या पुढे आहात.

फुकट मिळत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या. तुमचं काम तपासणारा माणूस, चुकवता न येणारी तारीख, आणि दुसऱ्या कंपनीला दाखवता येईल अशी गुणपत्रिका. पदवीचे पैसे या तिन्हींचे असतात. तुम्हाला ती तिन्ही हवीत का, हे घरी बसून मोकळेपणाने बोला. आहे त्याच कंपनीत काम बदलून घ्यायचं असेल, तर कदाचित फुकटचं शिक्षण आणि वर सांगितलेल्या बिलांसारखं एक करून दाखवलेलं काम पुरेल. क्षेत्रच बदलायचं असेल आणि तुमच्या अर्जावर "वाणिज्य" बघून तो बाजूला पडत असेल, तर पदवी हवी. नोकरीची हमी मात्र कोणतीच पदवी देत नाही, आयआयटीची नाही आणि जॉर्जिया टेकचीही नाही.

म्हणून पहिला डॉलर भरायच्या आधी स्ट्रँग यांची व्याख्यानं आणि तो सीएस५० कोर्स पूर्ण करा. नुसता बघून नाही, गृहपाठांसकट. तीन-चार महिने लागतील. यात अडखळायला होणारच. अडखळल्यावर दुसऱ्या दिवशी परत त्याच गणितापाशी बसावंसं वाटतं की नाही, एवढंच पाहायचं. आयगेनव्हॅल्यू, म्हणजे रेषीय बीजगणितातले मॅट्रिक्सचे ठराविक आकडे, काढताना अंगावर काटा आला तर थांबा, आणि तो निर्णयही चांगलाच असेल. पैसे वाचले.

तिथून पुढे गेलात तर बोल्डरचे सुरुवातीचे कोर्स क्रेडिटशिवाय करून बघा. ते जमले की तुमच्यापुढे दोन वाटा राहतात. तिथेच क्रेडिट घेऊन पुढे जायचं, किंवा क्रेडिटचे दोन-तीन कोर्स चांगल्या श्रेणीत करून तीच गुणपत्रिका तयारीचा पुरावा म्हणून जोडायची आणि जॉर्जिया टेकला अर्ज करायचा. तिथे प्रवेश मिळाला तर मधल्या कोर्सचे पैसे जमेला धरूनही एकूण खर्च कमीच येतो. मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट धरली असती. पण पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी पहिलीच धरावी.

खर्चाचा तक्ता कसा मांडायचा हे तुम्हाला मी काय सांगणार? फक्त कोणते रकाने लोक विसरतात ते सांगते. शिकवणी फीशिवाय बऱ्याच ठिकाणी दर सत्राला वेगळी ठराविक फी असते. जॉर्जिया टेकमध्ये आहे. दर सत्राला एकच कोर्स घेतलात तर ती दहा वेळा भराल, दोन घेतलेत तर पाचच वेळा. त्यामुळे "सावकाश करते" याचीही किंमत असते. याउलट वेस्टर्न गव्हर्नर्स हे अमेरिकेतलं विद्यापीठ सहा महिन्यांची ठोक फी घेतं आणि त्यात जमतील तितके कोर्स करू देतं, म्हणजे भरभर करणाऱ्याला तेच सगळ्यात स्वस्त. पण ते मुख्यतः तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. विसरले जाणारे आणखी काही रकाने: नापास झाल्यास पुन्हा त्याच कोर्सची पूर्ण फी. इंग्रजीची परीक्षा, जुन्या पदवीचं मूल्यांकन, देखरेखीखालच्या परीक्षेचं शुल्क. आणि डॉलर! तीन वर्षांत तो कुठे जाईल हे कोणाला माहीत, म्हणून शेवटच्या वर्षाचे कोर्स आजच्या भावाने मांडू नका, थोडा वर धरा. वर दिलेल्या फीसुद्धा अर्ज करताना विद्यापीठाच्या पानावर पुन्हा तपासा, त्या बदलत असतात. सोडलेल्या कोर्सचे पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात ती तारीख आत्ताच कॅलेंडरात लिहून टाका. आणि एकदा एचआरला विचारा. पुष्कळ कंपन्यांत शिक्षणाची फी परत देण्याची तरतूद असते आणि कोणी मागत नाही म्हणून ती तशीच पडून राहते. वसुलीचं ते मॉडेल पुढे ठेवून मागितलीत तर नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

नवा लॅपटॉप मात्र घेऊ नका. मोठं मॉडेल डेटावर घडवायला ग्राफिक्स प्रोसेसर लागतो, तो गूगलच्या कोलॅबवर आणि कॅगलवर, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवू देणाऱ्या संकेतस्थळांवर, मर्यादित वेळ फुकट मिळतो. शिकण्यापुरता तो पुरतो.

राहता राहिला वेळ. अशा पदव्यांच्या एका कोर्सला आठवड्याला दहा ते वीस तास जातात. कोणत्या कोर्सला किती, हे जॉर्जिया टेकच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेल्या अभिप्रायांत सापडतं, नाव नोंदवायच्या आधी ते वाचाच. काही कोर्स नुसत्या अहवाल लेखनानेच नाकी नऊ आणतात. पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या. जॉर्जिया टेकमध्ये पदवीला सहा वर्षांची मुदत आहे, घाई कोणी करत नाही. मध्ये एखादं सत्र सुट्टी घेता येते, पण सलग दोन सत्रं नाव नोंदवलं नाही तर पुन्हा प्रवेशाचा अर्ज करावा लागतो, तेवढं बघा. तुमचं वर्षअखेरीचं क्लोजिंग आणि लेखापरीक्षण कोणत्या महिन्यात येतं ते सत्राच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. अंतिम परीक्षा आणि ताळेबंद एकाच आठवड्यात आले तर त्या सत्रात हलका कोर्स घ्या, किंवा तेच सत्र सुट्टीचं ठरवा. आणि हे घरी आत्ताच सांगून ठेवा, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.